निकेशचा फॉर्म मी भरला

“सलवार जरा वर घे ना बाळा. पाय दिसला पाहिजे फोटोत.”

भर सभागृहात. माइक सुरू. भंडाऱ्यातल्या एका हॉटेलचा वरचा हॉल, खुर्च्यांना पांढऱ्या खोळी, समोर पन्नास-साठ माणसं. डॉक्टर, कॉलेजातली मुलं, बाहेरगावाहून आलेले दोन पाहुणे. मी स्टेजवर. मागे बॅनर. बॅनरवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘कॅन्सरमधून बरे झालेले तरुण : संशोधनातील आमचे भागीदार’.

मी भागीदार होते. आणि भागीदाराला सलवार वर करायला सांगत होते.

मी केली.

हे आधीच सांगून टाकते. पुढे मी काय काय केलं ते वाचून कुणी मला शूर वगैरे म्हणेल, म्हणून आधी हे. गुडघ्यापर्यंत वर घेतली. उजवा पाय. नकली, शिबिरात फुकट मिळालेला, माझ्या रंगापेक्षा चांगला गोरा. तो पहिल्यांदा बसवला तेव्हा दवाखान्यातला माझा मित्र निकेश म्हणाला होता, “तुले त पुण्याचा पाय लावला गं.” आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. स्टेजवर कुणी हसलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हसले असते तर मला एवढं लागलं नसतं.

मॅडमनी माइक माझ्या हातात दिला. मॅडम म्हणजे या संशोधनाच्या प्रमुख. मोठ्या डॉक्टर. आवाज मऊ, साडी सुती, सगळ्यांना ‘बाळा’ म्हणायच्या.

“आता दोन शब्द बोल. आणि तुमच्या भाषेत बोल हं. ते ‘मले’, ‘तुले’. फार गोड वाटतं ऐकायला.”

आठवीत मी वर्गात ‘मले’ म्हटलं होतं. बाईंनी बाकावर उभं केलं. “मला म्हण, मला. कधी सुधारणार तुम्ही लोक?” तुम्ही लोक म्हणजे कोण, ते वर्गातल्या पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना कळलं होतं. त्यानंतर मी घोकून घोकून ‘मला’ शिकले. आरशासमोर शिकले. आता या बाईंना ‘मले’ पाहिजे होतं, तेही गोड.

मी ‘मला’मध्येच बोलले. चार वाक्यं. मी खाली बसत असताना मॅडम शेजारच्या पाहुण्यांना म्हणाल्या, “किती शुद्ध बोलते, नाही? आडनावावरून वाटत नाही.” माइक अजून सुरू होता.

माझी हकिगत फार मोठी नाही. भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा मी आईच्या पोटात होते. ऑफिसं वाटली गेली, फायली वाटल्या गेल्या, खुर्च्या वाटल्या गेल्या. कॅन्सरचा दवाखाना कुणाच्याच वाट्याला आला नाही, कारण तो मुळात नव्हताच. पंधराव्या वर्षी माझ्या गुडघ्याखाली गाठ आली. आधी म्हणाले, पडली असेल. मग म्हणाले, वात असेल. मग म्हणाले, नागपूरला न्या. नागपूरला हाडाचा कॅन्सर निघाला. केमो, मग पाय काढला, मग परत केमो. केस गेले, दहावी गेली. केस आले, दहावी परत दिली.

आम्ही पवनीचे. बाबा एका शाळेत शिपाई. छप्पन्न साली आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून आमच्या घरात देव नाही, नवस नाही. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. मला याचा अभिमान होता. खरं सांगायचं तर थोडी घमेंडही होती. ती घमेंड पुढे कुठे कामाला आली ते सांगणारच आहे.

निकेश मला नागपूरच्या त्या मोठ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात भेटला. लाखांदूरच्याही पलीकडच्या गावाचा. घरची दोन एकर धानाची शेती, गावतलावाच्या पाण्यावर. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, रक्ताचा कॅन्सर. सोबत त्याची माय, हातात कापडी पिशवी. सोमवार आमचा दवाखान्याचा वार. पहिले काही सोमवार तिने माझ्या डब्यातली पोळी घेतली नाही. उपवास आहे म्हणायची. सोमवारचा उपवास असतोही लोकांना, म्हणून मी काही बोलले नाही. पुढे माझं तोंड आलं, काही गिळवेना, तेव्हा तीच माय मऊ भात कालवून मला भरवायची. तिचा तो सोमवारचा उपवास केव्हा सुटला, ते आमच्या दोघींच्याही लक्षात राहिलं नाही.

त्या दवाखान्याची एक खिडकी होती. नंबराची चिठ्ठी त्या खिडकीवर मिळायची. चिठ्ठी असेल तर डॉक्टर तपासणार, तपासलं तर रक्त घेणार, रक्त बरं निघालं तर बेड मिळणार आणि केमो लागणार. खिडकी अकराला बंद. पवनीहून पहाटेची एसटी धरली की मी नऊला दवाखान्यात. निकेशच्या गावात पहिली गाडीच सातला यायची. ती लाखांदूरला सोडणार, तिथून नागपूरची गाडी, ती थांबत थांबत येणार. माय-लेक दवाखान्यात पोचेपर्यंत साडेअकरा, कधी बारा. खिडकीवर पाटी आडवी झालेली असायची.

निकेश माझ्या शेजारी येऊन बसायचा. “आज बी नापास,” म्हणायचा.

मग माय खिडकीवर हात जोडायची, आत कुणी असला तर कागद पुढे करायची. कधी चिठ्ठी मिळायची, कधी नाही. नाही मिळाली तर व्हरांड्यात मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत रांग. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी मिळायची, तर बेड भरलेले असायचे. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. एकदा नाही, कितीतरी वेळा.

त्या पावसाळ्यात, धानाच्या रोवण्याच्या दिवसांत, चुलबंद नदीला पूर आला. त्यांच्या बाजूची एसटी बंद. निकेश दोन सोमवार आला नाही. नंतरच्या सोमवारी मी सिस्टरला विचारलं. सिस्टरने रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं. “त्याने उपचार सोडला.” एवढंच. दिवाळीच्या आधी कळलं, निकेश गेला. मी तेव्हा केमोच्या बेडवर होते. उठून जाताही आलं नाही.

मी वाचले. का वाचले? एक कारण असं की पवनीहून पहाटेची गाडी होती. हे कारण कुठल्याही डॉक्टरने मला सांगितलं नाही.

पुढे काही वर्षांनी मॅडमच्या ऑफिसातून फोन आला. तरुणपणी कॅन्सर झालेल्यांवर संशोधन करायचंय, जिल्ह्यातले पेशंट उपचार अर्धवट का सोडतात ते शोधायचंय. “पण यावेळी वेगळं आहे. प्रश्न तुम्ही ठरवायचे. तुम्ही आमचे पेशंट नाही, भागीदार आहात.” मी फोन ठेवला आणि बाबांना सांगितलं. बाबांनी दोनदा विचारलं, “प्रश्न तुम्ही ठरवणार?” मी म्हटलं, हो. ते पेढे आणायला निघाले होते, आईने थांबवलं. आमच्याकडून आजवर सगळ्यांनी उत्तरं घेतली होती. जात कोणती, उत्पन्न किती, दाखला कुठाय. प्रश्न ठरवायला कुणी बोलावलं नव्हतं. मी त्या फोनला भुलले, यात मला आजही नवल वाटत नाही.

त्या उद्घाटनाच्या दिवशी, फोटो झाल्यावर, चहा झाल्यावर भागीदारांची बैठक झाली. आम्ही पाच जण होतो. मॅडमनी समोर गठ्ठा ठेवला. फॉर्म छापून आलेला होता. मी विचारलं, “प्रश्न आम्ही ठरवायचे होते ना?”

“ठरवायचेच आहेत. वाचा आणि काही सुचलं तर सांगा.”

मला सुचलं. मी म्हटलं, गाडी किती वाजता पोचते, खिडकी किती वाजता बंद होते, कितीदा परत पाठवलं, हे विचारायला पाहिजे. मॅडम हसल्या. “बाळा, तो व्यवस्थेचा भाग झाला. आपला विषय रुग्णाचं वर्तन आहे.” त्यांच्या शेजारी बसलेल्या माणसाने माझं म्हणणं वहीत लिहून घेतलं. त्या वहीचं पुढे काय झालं मला माहीत नाही. फॉर्म बदलला नाही.

मग आम्हाला गावोगावी पाठवलं. भागीदारी म्हणजे ते. मॅडमची माणसं गेली की लोक दार लावून घ्यायचे, किंवा ‘सगळं चांगलं हाये’ म्हणून मोकळे व्हायचे. आम्ही गेलो की दार उघडायचं, पाणी यायचं, रडणं यायचं. माझ्या वाट्याला लाखांदूरकडची अकरा घरं आली. सातवं घर निकेशचं.

ओसरीत खाट होती. मायने माझ्या तोंडावरून हात फिरवला. “तू त वाचली पोरी. बरं झालं.” मग चहा ठेवायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा डोळे धुतलेले होते.

मी फॉर्म काढला. नाव, वय, आजार. चौदावा प्रश्न : आजारपणात देवधर्म, नवस, बाबा किंवा मांत्रिक यांच्याकडे गेलात का? हो किंवा नाही.

“जातच होतो ना,” माय म्हणाली. “नागपूरले निंगाचं म्हटलं का पयले माता मायच्या पारावर नारळ फोडाचा. त्याच्याबिगर गाडीत पाय नाई ठेवला कधी.”

आमच्या भागात गावोगावी माता माय असते. कडुलिंबाखाली शेंदूर लावलेले दगड. गावाबाहेर कुठेही निघालं की बाया तिथे डोकं टेकवतात. मुलगी परीक्षेला गेली तरी, बैल बाजारात गेला तरी. माय दवाखान्याऐवजी माता मायकडे जात नव्हती. माता मायकडून दवाखान्यात जात होती. हे मला कळत होतं का? कळत होतं. मी ‘हो’वर खूण केली. आणि खूण करताना मला किंचित बरं वाटलं. आमच्या घरात देव नाही, आम्ही शहाणे, आणि हे लोक बघा अजून नारळ फोडतायत. निकेशच्या मायसमोर बसून, तिचा चहा पिता पिता, माझ्या मनात हे आलं. लिहिताना लाज वाटते. पण माझी लाज मी गाळली, तर दुसऱ्यांची लिहायचा मला हक्क नाही.

पंधरावा प्रश्न : उपचार अपूर्ण राहण्याचे मुख्य कारण, एकच निवडा. अज्ञान, अंधश्रद्धा, गरिबी, कुटुंबाचा विरोध, इतर.

माय बोलत होती. खिडकीचं बोलली. एसटीचं बोलली. पूर ओसरल्यावर पोराला घेऊन दोनदा गेली होती आणि दोन्ही वेळा परत पाठवलं, ते बोलली. “तिसऱ्या खेपेले त्याच्यानं उठवलंच नाई. मी म्हटलं, पाठीवर नेतो तुले. तो म्हने, माय, खिडकी बंदच राहीन, कायले जाचं.” मी ऐकत होते आणि चौकोन शोधत होते. हे कुठल्या चौकोनात घालू? ‘इतर’ होता. पण आम्हाला सांगितलेलं होतं, ‘इतर’ शक्यतो टाळा, मोजायला त्रास होतो.

मी विचारलं, “काकू, गरिबी लिहू?”

ती ताठ झाली. “गरिबीनं नाई मेला तो. दोन एकर हाये आमची, तलावाखालची. गरिबी लिवू नोको.”

अज्ञान? निकेश बारावीला होता. विरोध? घरात कुणाचा विरोध नव्हता. राहिली अंधश्रद्धा. वरच्या प्रश्नात ‘हो’ होतंच. मी खूण केली. सही घ्यायला कागद पुढे केला. मायला वाचता येतं, चौथी शिकलेली आहे. मी म्हटलं, वाचून घ्या काकू. तिने कागदाकडे पाहिलंही नाही.

“तू लिवलं ना? मंग बरोबरच असन.”

सही केली. त्याखाली मी केली. त्या दिवशी मी आणखी एक घर केलं आणि संध्याकाळच्या गाडीने पवनीला आले. झोपही लागली.

आठ महिन्यांनी परत तोच हॉल. अहवाल सांगायची बैठक. पडद्यावर आकडे, रंगीत चकत्या. मग मॅडम म्हणाल्या, “आकडे कोरडे असतात, म्हणून काही उदाहरणं.” पडद्यावर आलं : ‘उदाहरण सात. लाखांदूर तालुक्यातील सतरा वर्षांचा मुलगा. बरा होण्याजोगा रक्ताचा कॅन्सर. कुटुंबाने धार्मिक उपायांवर विश्वास ठेवल्यामुळे उपचार सोडले. मृत्यू.’

नाव नव्हतं. मला नावाची गरज नव्हती.

हॉलमध्ये कुणीतरी च्‌ च्‌ केलं. एक पाहुणे म्हणाले, “इतकं अज्ञान अजून?” मॅडमनी मान हलवली. “आणि लक्षात घ्या, ही माहिती आमच्याच भागीदाराने घरी बसून, विश्वासात घेऊन गोळा केली आहे. त्यामुळे तिच्या खरेपणाबद्दल शंकेला जागा नाही.” असं म्हणून त्यांनी हात माझ्याकडे केला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा मला कळलं, मला कशाला घेतलं होतं. दार उघडायला घेतलं होतं, तेवढंच नाही. शिक्का म्हणून घेतलं होतं. त्यांनी लिहिलेलं खोटं माझ्या तोंडाने खरं होत होतं. मी त्यांच्यातली, म्हणून माझी खूण पक्की. एका आईच्या माथी तिच्याच पोराचा मृत्यू मारला होता, आणि हात माझा वापरला होता.

मी उभी राहिले. आरशासमोर शिकलेली भाषा त्या वेळी कुठे गेली कोण जाणे.

“मॅडम, हे खोटं हाये.”

“काय खोटं, बाळा?”

“हा निकेश हाये. नारळ फोडून तो दवाखान्यातच येत होता. मी पायलं त्याले. खिडकी बंद होऊन जाये. त्याच्या मायनं मले सांगितलं होतं, मी लिवलं नाई. लिवाले जागाच नाई ठेवली तुमी.”

मॅडमचा आवाज तसाच मऊ. “तुझी भावना मी समजू शकते. तुझा मित्र होता का तो? पण संशोधनात असं एकेका माणसाचं धरून बसता येत नाही.”

“मंग सातवा नंबर बदला.”

“ते आता शक्य नाही. माहितीची नोंद बंद झालीये.”

“मंग माझं नाव काढा.”

“नाव कसं काढणार? तू भागीदार आहेस ना?” त्या हसल्या. हॉलमधले काही जण हसले. एवढ्या महिन्यांत त्या हॉलमध्ये हसू आलं ते तेव्हा.

मी खाली बसले नाही. सगळ्यांना वाटलेली कोरी वही होती, तिचं पान फाडलं. उभ्याउभ्याच लिहिलं : ‘उदाहरण सातचा फॉर्म मी चुकीचा भरला. मृत मुलाच्या आईने सांगितलेलं कारण मी लिहिलं नाही. दवाखान्याने परत पाठवणे हे ते कारण आहे. ही दुरुस्ती होईपर्यंत माझं नाव, सही आणि फोटो कुठेही वापरायची परवानगी मी काढून घेते.’ खाली सही. कागद मॅडमसमोर नेऊन ठेवला आणि म्हटलं, पोच द्या.

“पोच? आपण काय तहसीलमध्ये आहोत?”

“पोच द्या.”

दिली नाही. तो कागद त्यांच्यासमोरच्या टेबलावर असतानाच मी त्याचा मोबाइलमध्ये फोटो काढला, मॅडमसकट. यावेळी फोटो काढणारी मी होते, म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. बाकीचे चार भागीदार खाली बघत बसले. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्यातल्या एकाचे उपचार अजून त्याच हॉलमध्ये बसलेल्या डॉक्टरांकडे सुरू होते.

घरी आले. बाबांना सगळं सांगितलं, तावातावात. बाबांनी ऐकून घेतलं. मला वाटलं पाठ थोपटतील.

“त्याच्या मायले सांगितलं का?”

नव्हतं सांगितलं.

“मंग कायचा बंड केला तू? हॉलातल्या लोकायचं काय गेलं? जिचं गेलं तिले आधी जाऊन सांग.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गेले. एवढी भीती मला पाय काढायला नेताना वाटली नव्हती. माय अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होती. मी उभी राहूनच सांगितलं. काय विचारलं होतं, तिने काय सांगितलं होतं, मी काय लिहिलं, पडद्यावर काय आलं. काही गाळलं नाही. माझ्या मनात तेव्हा तिच्या नारळाबद्दल काय आलं होतं, तेही सांगितलं.

सूप तिच्या हातात तसंच राहिलं.

“म्हंजे माह्या हातानं माहा पोरगा मेला, असं लिवलं तू?”

“हो काकू.”

“अन मी सही केली त्याच्यावर.”

“हो.”

मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर मी उभी राहिले असते. तिने सूप खाली ठेवलं, ओसरीत गेली आणि ती कापडी पिशवी घेऊन आली. दवाखान्याची. माझ्या पायाशी उपडी केली. एसटीची तिकिटं होती, त्यांच्यावरची शाई उडून कागद पांढरे पडले होते. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. आणि केसपेपर. मी ते उलटे केले. मागच्या बाजूला, खिडकीवाल्याच्या पेनाने, तारखेसकट लिहिलेलं : ‘उद्या येणे.’ दुसऱ्या तारखेला, ‘बेड नाही, सोमवारी येणे.’ परत ‘उद्या येणे.’ पुरानंतरच्या त्या दोन खेपांचेही होते. सिस्टरने ज्या सोमवारी रजिस्टर बघून ‘उपचार सोडला’ म्हटलं, त्याच आठवड्यात माय आणि निकेश त्या खिडकीपाशी उभे होते. दवाखान्याच्याच अक्षरात ते लिहिलेलं होतं. इतकी वर्षं खुंटीला टांगलेलं. मी फॉर्म भरायला बसले त्या दिवशीही ते माझ्या डोक्याच्या वर होतं, आणि मी विचारलं नव्हतं.

“आता लिव,” माय म्हणाली. “पन यावेळेस मी सांगतो तसं लिव. अन लिवल्यावर मले वाचून दाखव. मंग सही.”

मी लिहिलं. वाचून दाखवलं. तिने तीनदा बदलायला लावलं. एके ठिकाणी मी ‘मुलाला दवाखान्यात नेण्यास अडचणी आल्या’ असं लिहिलं होतं. ती म्हणाली, “अडचनी नाई आल्या. नेला होता. नेला होता लिव.” मी ‘नेला होता’ लिहिलं. चौथ्या वेळी तिने कागद हातात घेतला, अक्षरावर बोट ठेवत स्वतः वाचला आणि मग सही केली. तिने मला माफ केलं की नाही, मी विचारलं नाही. चहा दिला नाही त्या दिवशी.

अहवाल छापून झाला. माझा फोटो त्यात नाही. उदाहरण सात जसंच्या तसं आहे. मी केसपेपरच्या नकला जोडून तीन पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर नाही. बाकीच्या दहा घरांतही मी परत गेले. कोरी वही घेऊन, चौकोन नसलेली. सहा घरांत तसेच कागद निघाले. दोन घरांनी मला दारातूनच परत पाठवलं, आणि ते बरोबर होतं.

आता मी दर सोमवारी नागपूरला जाते. पेशंट म्हणून नाही. अकरानंतर त्या खिडकीसमोर उभी राहते. जो येतो त्याचं गाव लिहिते, गाडी किती वाजता पोचली ते लिहिते, खिडकीने काय सांगितलं ते लिहिते. त्याला वाचून दाखवते. तो हो म्हणाला तरच त्याची सही घेते, त्याच्याकडेही एक प्रत ठेवते. गेल्या सोमवारी खिडकीतल्या माणसाने विचारलं, तू कोण, कुणी पाठवलं. मी म्हटलं, कुणी नाही. त्याने गार्ड बोलावला. गार्डने मला फाटकाबाहेर काढलं, वही हिसकायला बघितली. मी दिली नाही.

काल मायला फोन करून हे सांगितलं. म्हटलं, या सोमवारी परत काढतील बाहेर.

“मी येतो,” ती म्हणाली. “खिडकीपुढं बसतो मी. मले उठवून दाखव म्हना.”

सातच्या गाडीने ती निघणार. म्हणजे साडेअकराच्या आत पोचणार नाही. मी फाटकापाशी थांबणार आहे. ती आली की आम्ही दोघी आत जाणार आहोत.